अर्ध्या बोटाचा झोळ

आमच्या मास्तरांची उंची दोन फूट अकरा इंच होती, आणि त्यात पाटगाडीचे तीन इंच धरलेले आहेत. हे माप मी स्वतः टेपने घेतलेलं आहे. एका अर्जात लिहायचं होतं म्हणून त्यांनीच ते घ्यायला लावलं होतं.

पाटगाडी म्हणजे सागाची जाड फळी आणि तिच्याखाली चार बेअरिंगं. बेअरिंगं त्यांनी पांढरकवड्याच्या रस्त्यावरच्या ट्रकमिस्त्रीकडून आणली होती. दोन्ही हातांत लाकडी ठोकळे धरायचे, जमीन मागे ढकलायची आणि खर्रर्र करत पुढे जायचं. बेअरिंगांना ते चमेलीचं तेल घालत. डोक्याला मात्र कधी नाही. त्यामुळे मास्तरांचे केस कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीसारखे उभे असत आणि सुगंध जमिनीलगत दरवळे. "डोस्कं काही फिरत नाही बाप्पा," ते म्हणत. "जे फिरते त्याले तेल."

यवतमाळात गावाबाहेर कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनाच्या शेडमध्ये अपंगांना धंदा शिकवण्याचं केंद्र निघालं होतं. शिलाई, सुतारकाम आणि वेतकाम असे तीन वर्ग, आणि आम्ही बावीस जण. मास्तर वेतकाम शिकवत, म्हणजे खुर्च्यांच्या बैठका विणायला. त्या काळी प्रत्येक कचेरीत वेताच्या खुर्च्या होत्या आणि प्रत्येक कचेरीत त्या फाटलेल्या होत्या, तेव्हा धंद्याला तोटा नव्हता.

मी तिथे गेलो तो दुसऱ्या एका, चालू जिनात डाव्या हाताची मधली तीन बोटं देऊन. अंगठा आणि करंगळी राहिली. वय एकवीस. केंद्र जिनाच्याच शेडमध्ये आहे हे पाहून पहिल्या दिवशी मी दाराशी थबकलो. मास्तर खर्रर्र करत आले, खालूनच माझा हात धरून त्यांनी उलटासुलटा करून पाहिला, बाजारात वांगं पाहतात तसा.

"किती राह्यली?"

"सात," मी म्हणालो.

"बैठकीले थर किती असते, ठाऊक हाय?"

"नाही."

"उभे दोन, आडवे दोन, तिरपे दोन. सहा. तुयापाशी एक बोट शिल्लक हाय. रडाचं असन त त्या शिल्लक बोटानं रड."

माझ्या हातावर तोवर आईपासून कंपाउंडरपर्यंत सगळे हळहळले होते. माझं शिल्लक काढणारा हा पहिलाच माणूस. मी आत गेलो.

मास्तर कुणाला नावानं हाक मारत नसत. हजेरीपटावरचा आकडा हेच नाव. मी चौदा. माझ्या शेजारी बसणारा थावरा नऊ. थावरा कळंबकडच्या एका तांड्यातला बंजारा, पोलिओनं दोन्ही पाय वाळलेले, हातांवर चालायचा आणि माझ्यापेक्षा लवकर विहिरीवर पोचायचा. व्यवस्थापकांनी एकदा मास्तरांना समजावलं की माणसांना आकड्यांनी बोलावणं बरं नव्हे, तुरुंगासारखं वाटतं. मास्तर म्हणाले, "नावानं बोलावलं की मायबाप आठवते, जात आठवते, गाव आठवते. आकड्यानं काय आठवते? बैठक."

त्यांचे पाय कसे गेले याच्या मी एकूण पाच हकिकती ऐकल्या. एकीत वाघ होता, एकीत निजामाचा शिपाई, एकीत ट्रक, एकीत बायको. पाचवी थावरानं सांगितली: पांढरकवड्याकडे लाकडाच्या डेपोत सागाची थप्पी घसरली आणि ओंडका दोन्ही पायांवरून गेला. ही खरी असावी, कारण तिच्यात मास्तरांचं शौर्य नव्हतं. मी एकदा त्यांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "तुले कोनती आवडली? तीच धर."

जमिनीपासून तीन फुटांच्या आतून जग पाहिल्यामुळे मास्तरांची माणसांबद्दलची मतं आमच्यापेक्षा वेगळी होती. टेबलाच्या खालच्या अंगाला कोण चुना पुसतो, कोणाच्या बुटाला भोक आहे, कोणाचे मोजे दोन रंगांचे आहेत, भाषण करताना कोणाचे गुडघे लटपटतात, हे सगळं त्यांना ठाऊक. "वरून त सारेच सायेब दिसतेत," हे त्यांचं वाक्य होतं. "खालून पाय." दिवसातून किमान तीनदा तरी ते हे म्हणत. आम्ही त्याला त्यांची सवय समजत होतो. निदान मी समजत होतो.

छप्पन साली ते नागपूरला दीक्षा घ्यायला गेले होते, पाटगाडीसकट. तिथलं काय आठवतं असं विचारलं की म्हणायचे, "आवाज आयकू आला. दिसले ते पाय. कोसभर लांब पाय नि पाय, निम्मे अनवाणी. पन तवापासून कोनाच्या पाया पडाचं मी बंद केलं. मी तसाही तिथंच असतो, आनखी कुठं पडू?"

पाहुणे आले की त्यांना खुर्ची देण्याआधी मास्तर ती खुर्ची आडवी करून खाली नजर टाकत. मास्तरांना स्वतःला खुर्चीवर बसवलेलं मी एकदाच पाहिलं, फोटोसाठी. उतरल्यावर म्हणाले, "काय पाह्यता रे लोकहो तुम्ही वरून? नुसती टकलं."

मास्तरांना लिहिता येत होतं, पण अर्ज लिहायला त्यांना आवडत नसे. माझं अक्षर बरं आणि उजवा हात शाबूत, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. केंद्राच्या कारभाराबद्दल त्यांचे अर्ज सतत चालू असत. नळ खाली घ्यावा. दाराची कडी खाली घ्यावी. पाण्याचा माठ जमिनीवर ठेवावा. नोटीसबोर्ड खाली घ्यावा. हा शेवटचा अर्ज मी एकूण चार वेळा लिहिला. बोर्ड पाच फूट सात इंचांवर होता. निकाल त्यावर लावायचा नियम होता, आणि मास्तरांचा हात वर केल्यावर चार फूट चार इंचांपर्यंत पोचायचा. फरक एक फूट तीन इंच. माझ्या मते अर्जात काही कमी नव्हतं. चारही वेळा उत्तर आलं: बोर्ड नियमानुसार लावला आहे.

चौथं उत्तर वाचून दाखवल्यावर मास्तर म्हणाले, "बरं. त्याईचा बोर्ड त्याईच्यापाशी. माह्या बोर्ड माह्यापाशी." आणि मला तंबाखू मळायला लावली.

आता परीक्षेचं सांगतो. ती दर तीन महिन्यांनी शनिवारी होई. बाजारात एक मिठाईवाला होता, त्याला सगळे लाला म्हणत. वजन तीन मण चार शेर, कापसाच्या काट्यावर मोजलेलं. शेर-मण जाऊन किलो येत होते तेव्हा मी ते किलोत करून दिलं, पण लालाला ते पसंत पडलं नाही. म्हणाला, आकडा मोठा वाटतो. या लालाला आम्ही विणलेल्या खुर्चीवर बसवायचं. त्यानं एक पान लावायचं, खायचं आणि थुंकायचं, तेवढा वेळ. मास्तर पाटगाडीवर उताणे पडून खुर्चीखाली जात आणि बैठक किती खाली आली ते चौकटीशी बोट लावून बघत. अर्धं बोट झोळ पडला तर चालेल. पुरं बोट पडलं तर नापास. लाला वरून विचारी, "मास्तर, दिख रहा है क्या कुछ?" मास्तर खालून म्हणत, "दिसून राह्यलं लाला, अन् लई दिसून राह्यलं. धोतर नीट कर."

मग ते बाहेर येत आणि "हं" म्हणत. एवढंच. पास नाही, नापास नाही. प्रत्येकाची पहिली परीक्षेची खुर्ची केंद्राच्या सभागृहात कायमची राही. त्यानंतर कुणी आणखी विणल्या तर त्या तीन महिने तिथे राहून जिल्ह्यातल्या कचेऱ्यांना जात.

मी सातव्या महिन्यात पहिली परीक्षा दिली. चौऱ्याऐंशी भोकं, सहा थर, एकही गाठ वर दिसणार नाही अशी. करंगळी आणि अंगठ्यात खुंटी धरून उजव्या हातानं वेत ओढायचा ही रीत मी स्वतः बसवली होती. मास्तर खाली गेले, वर आले, म्हणाले, "हं." मी दर शनिवारी नोटीसबोर्ड पाहत राहिलो. बोर्डावर माझं नाव लागलं नाही. कुणाचंच लागत नव्हतं, पण बाकीचे मात्र परीक्षेनंतर आठ-पंधरा दिवसांत व्यवस्थापकांच्या खोलीत जात आणि दाखला घेऊन बाहेर पडत. मी समजलो, मास्तर त्यांना एकेकट्याला बोलावून सांगत असतील आणि मला सांगण्यासारखं काही नसेल.

मी विचारलं नाही असं नव्हे. "मास्तर, माझा निकाल?"

"लावलाय."

"कुठं?"

"जिथं साऱ्याईचा लागते तिथं."

मी परत बोर्ड पाहून आलो. बोर्डावर बाजारभावाचं एक जुनं पत्रक होतं. मी त्याचा अर्थ नापास असा घेतला आणि दुसरी खुर्ची विणायला बसलो. मग तिसरी. मग चौथी. वर्षाचा अभ्यासक्रम होता. थावरा दहा महिन्यांत पास झाला आणि तिथेच मदतनीस म्हणून राहिला. माझ्यानंतर आलेले सहा जण दाखले घेऊन गेले. मी नऊ खुर्च्या विणल्या.

घरी मोठा भाऊ होता. तो वाईट नव्हता, पण त्याला चार मुलं होती. त्यानं मला स्पष्ट सांगितलं की ही दिवाळी शेवटची. त्यानंतर जिनाच्या फाटकावर पानाची टपरी टाकून देतो, तिथे बस. ज्या जिनात बोटं गेली त्याच्या फाटकावर बसून आयुष्यभर पानं लावायची. मला दुसरं काहीही चाललं असतं.

अशात बातमी आली की जिल्ह्याच्या कचेरीत खुर्च्या दुरुस्त करणाऱ्याची एक कायम जागा निघाली आहे. आमचं केंद्र पाहायला नागपूरहून साहेब येणार होते. जाताना ते पास झालेल्या माणसाचं नाव घेऊन जाणार. वेतकामात पास होऊन मोकळा असलेला माणूस तेव्हा केंद्रात एकही नव्हता. थावराला ती नोकरी नको होती. त्याला कळंबला देवळाच्या रस्त्यावर स्वतःचं दुकान घालायचं होतं. नाव मिळालं नाही तर जागा नागपूरकडच्या कुणाला जाणार होती.

मी आदल्या दिवशी मास्तरांच्या पुढ्यात बसलो. खाली, जमिनीवर. "मास्तर, उद्या नाव जाणार. मी पास की नापास, ते आता तोंडानं सांगा."

मास्तरांनी माझ्याकडे बरंच पाहिलं. त्यांचा खालचा ओठ नेहमी जांभळा असे. कानावर जांभळी पेन्सिल असायची, ओली करून लिहायची, आणि ती ते ओठावर टेकवत. जो माणूस अर्ज लिहीत नाही त्याचा ओठ रोज जांभळा कशानं होतो, हे तेहतीस महिन्यांत मी एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं.

"लावलाय म्हटलं ना," ते म्हणाले आणि ठोकळे आपटत निघून गेले.

साहेब आले ते सकाळी दहाला. अंगानं लालापेक्षा सवाई. सभागृहात टेबल, टेबलावर जमिनीपर्यंत लोळणारी हिरवी चादर, मागे खुर्ची. व्यवस्थापकांनी घाईघाईत रांगेतली सर्वांत धड दिसणारी खुर्ची उचलून ठेवली. ती माझी पहिली खुर्ची होती. मी तिसऱ्या रांगेतून ओळखली, कारण तिच्या डाव्या हाताच्या लाकडात एक गाठ आहे.

व्यवस्थापक अहवाल वाचू लागले. साहेब डोळे मिटून ऐकत होते. एवढ्यात मला खर्रर्र ऐकू आलं, अगदी हळू. इकडेतिकडे पाहिलं तर मास्तर जागेवर नव्हते. चमेलीचा वास मात्र येत होता आणि हिरवी चादर एका कोपऱ्यात हलत होती.

मला पुढचं कळलं. लाला दोन महिन्यांपासून काशीला गेलेला होता, त्यामुळे पुढची परीक्षा अडली होती. दोन वर्षं वापरलेली खुर्ची आणि तिच्यावर लालापेक्षा जड साहेब, असा योग मास्तरांनी सोडला असता तर ते मास्तर नव्हते.

अहवालात "या दुर्दैवी जिवांना" असे शब्द आले आणि साहेब ताडकन उठले. "विंचू! विंचू!" टेबल हललं, तांब्या पडला, खुर्ची मागे कोलमडली आणि उताणी झाली. चादरीखालून मास्तरांचं वाळलेलं डोकं बाहेर आलं. त्यांचं तर्जनीचं बोट अजून वर होतं.

"अर्धं बोट बी नाही सायेब," मास्तर म्हणाले. "बिनघोर बसा. हत्ती बसला तरी चालन."

सगळे साहेबांकडे पाहत होते. मी मात्र साहेबांकडे पाहतच नव्हतो. मी खुर्चीकडे पाहत होतो. तिची खालची बाजू आमच्याकडे होती, आणि चौकटीच्या पुढच्या पट्टीवर ठळक जांभळ्या अक्षरांत लिहिलं होतं: चौदा. पास. आणि तारीख.

मी उभा राहिलो. तारखेची वजाबाकी करायला मला वेळ लागत नाही. "सव्वीस महिने!" मी ओरडलो.

साहेबांना वाटलं मी त्यांना काही बोललो. व्यवस्थापकांनी मला हात धरून बाहेर काढलं.

बाहेर ओट्यावर थावरा होता. मी त्याला विचारलं, "तुला ठाऊक होतं? निकाल खुर्चीखाली असतो?"

"साऱ्याईले ठाऊक हाय," थावरा म्हणाला. "कुबडीवाले सांगतेत एकमेकाले. आमी त जाता-येता वाचतो. आमच्या तोंडापुढंच असते ना ते."

"मग मला सांगितलं का नाही?"

थावरा खरंच चकित झाला. "आमाले वाटलं, तू मुद्दाम राह्यला. तुले इथला भात आवडते."

बावीस जणांत दोन्ही पाय धड असलेला, ताठ उभा राहून चालणारा मी एकटा होतो. बाकीच्यांत कुणी हातावर, कुणी कुबडीवर, कुणी बसून सरकत. ज्याला ज्याला खाली वाकावं लागे त्यानं त्यानं आपला निकाल वाचला होता. मी त्या खुर्चीवर बसून चहा पीत असे. सव्वीस महिने मी माझ्या निकालावर बसलो होतो.

व्यवस्थापक घाम पुसत आले. साहेब विश्रामगृहावर गेले होते. पाच वाजता त्यांची जीप निघणार होती. त्याआधी मास्तरांचा लेखी माफीनामा पोचला नाही तर साहेब कुणाचंही नाव नेणार नव्हते. माझा पास व्यवस्थापकांनी डोळ्यांनी पाहिला होता, दाखला तयार होता. अडलं होतं ते एका माफीनाम्यावर. घड्याळात पावणेदोन झाले होते.

मास्तरांचे अर्ज मीच लिहीत असे, तेव्हा हाही मलाच लिहायचा होता. मी कागद घेऊन त्यांच्यासमोर बसलो. 

"मास्तर, सव्वीस महिने!"

"मंग?"

"तोंडानं एक शब्द सांगता आला नसता?"

"रोज तीनदा सांगत होतो. खालून पाय, खालून पाय. आनखी काय ढोल वाजवू?" ते म्हणाले. "पाय नाही ते वाकले. तुले वाकाले काय झालं होतं?"

"बोर्ड कशासाठी असतो मग?"

"कोनाचा बोर्ड? चार अर्ज तूच लिहिले ना? तरी शनिवारी शनिवारी तिथंच जाऊन मुंडी वर करे. मी पाहो खालून. मनात म्हनो, याची बोटं जिनात गेली, अक्कल कुठं गेली?"

मी लिहायला लागलो. नेहमीचा मजकूर लिहिला: चुकून बोट लागले, क्षमा असावी. वाचून दाखवला.

"खोटं हाय," मास्तर म्हणाले. "चुकून नाही लागलं. मोजाले लावलं. मी सही करत नाही."

"मास्तर, माझी नोकरी आहे यात."

"असन. तुयी नोकरी हाय म्हनून माह्यं बोट चुकलं काय?"

मी दुसरा मसुदा केला: अनवधानाने. तोही नाकारला. तिसरा केला: उत्साहाच्या भरात. "उत्साह कायचा? काम होतं ते." साडेतीन वाजले. दारात व्यवस्थापक दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहून जात. मला तेव्हा मास्तरांना पाटगाडीसकट विहिरीत ढकलावं असं वाटलं, हे मी नाकारत नाही. पण कागद पुन्हा वाचला तेव्हा पटलं की माणूस खरं बोलतो आहे. बोट चुकून लागलं नव्हतं. जे झालं नाही ते झालं म्हणून लिहायचं, आणि त्याच्यावर माझी कायमची नोकरी उभी करायची. ही बैठक कधीतरी खचली असती.

चौथा मसुदा मी झालं तसा लिहिला. अमुक वेळी चौदा नंबरच्या खुर्चीचा झोळ मोजण्यासाठी खालून एक बोट लावले. खुर्ची सव्वीस महिने वापरातली. झोळ अर्ध्या बोटाहून कमी भरला. साहेबांचे वजन आम्हास ठाऊक नाही, सबब नोंद अपुरी आहे. पूर्वसूचना न दिल्याने साहेबांस जो दचका बसला त्याबद्दल दिलगीर आहोत. केंद्रात निकाल खुर्चीखाली लिहिण्याचे कारण, नोटीसबोर्ड पाच फूट सात इंचांवर असून मास्तरांचा हात चार फूट चार इंचांपर्यंत जातो. याबाबत चार अर्ज केलेले आहेत.

मास्तरांनी ऐकलं. कानावरची पेन्सिल घेतली, ओठावर टेकवली आणि सही केली. "हे लिहिलं तू," ते म्हणाले. एवढी एकच स्तुती मी त्यांच्याकडून ऐकली.

मी विश्रामगृहापर्यंत पळत गेलो. पावणेपाचला पोचलो. जीप सुरू होती. साहेबांनी कागद उभ्यानं वाचला, मग व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसून पुन्हा वाचला. बसण्याआधी त्यांनी खुर्ची जरा तिरपी करून खाली पाहिलं, हे मी स्वतः पाहिलं आहे.

"ही खुर्ची तू विणलीस?"

"केंद्रातली मी विणली, साहेब. ही कुणाची ते माहीत नाही."

"अर्ध्या बोटाहून कमी?"

"मास्तरांचं माप चुकत नाही, साहेब."

त्यांनी कागदावर शेरा मारला: पाहिले. खाली सही. मग व्यवस्थापकांची यादी मागून घेतली आणि माझं नाव त्यांच्या वहीत लिहिलं. ते हसले की नाही, मला सांगता येणार नाही; त्यांची मिशी मोठी होती. नोटीसबोर्ड मात्र पाच फूट सात इंचांवरच राहिला.

पंधरा दिवसांत मी कचेरीत रुजू झालो. निघताना मास्तरांच्या पाया पडायला वाकलो तर त्यांनी ठोकळ्यानं माझा हात बाजूला केला. "आता वाकून काय फायदा," म्हणाले. "तारीख गेली."

कचेरीत माझ्याकडे जिल्हाभरच्या खुर्च्या येऊ लागल्या. वेताची बैठक रोजच्या वापरात पाच-सात वर्षं जाते, मग भोक पडतं. पहिल्यांदा राळेगावहून आलेल्या एका खुर्चीची चौकट मी उलटी केली आणि ओळखली. केंद्रात मी विणलेली चौथी. खाली जांभळ्या अक्षरांत होतं: पास म्हटलं ना. मी दरवाजा लावून घेतला आणि एकटाच हसलो.

पहिलीनंतरच्या आठ खुर्च्या वेगवेगळ्या कचेऱ्यांत गेल्या होत्या. त्या एकेक करून, कशाही क्रमानं, माझ्या हाताखाली आल्या. दुसरीवर नुसतं: पास. तिसरीवरही: पास. पाचवीवर: अजून इथंच? सहावीवर: बैताड, म्हणजे आमच्याकडे वेडगळ. सातवीवर: पुन्हा बैताड, आणि खाली दोन रेघा. आठवी कळंबहून आली, तिच्यावर लिहिलं होतं: घरी जा, भाऊ वाट पाहून राह्यला. ही वाचून मी त्या रविवारी केंद्रावर गेलो. मास्तर महिनाभरापूर्वीच वारले होते. पाटगाडी थावरा कळंबला घेऊन गेला होता. दुकानातला माल तो तिच्यावरून आत-बाहेर करतो आणि बेअरिंगांना चमेलीचंच तेल घालतो.

नववी राहिली होती. ती पांढरकवड्याहून आली तेव्हा साठाचं दशक संपत आलं होतं. ही मी साहेबांच्या भेटीआधी दोन महिने विणलेली, शेवटची. मी ती टेबलावर उलटी ठेवली, चष्मा लावला. अक्षरं फिकी झाली होती आणि इतर खुर्च्यांपेक्षा बारीक होती, लिहिणाऱ्याला ती वाचली जावीत असं फारसं वाटत नसावं तशी.

चौदा. आता नको वाकू. अर्ज कोन लिहीन.

मी ती दोनदा वाचली. सव्वीस महिन्यांतले चोवीस माझ्या चुकीचे आणि दोन त्यांच्या, असा हिशेब निघाला.

बैठक नव्यानं विणण्याआधी चौकट पॉलिशच्या कागदानं दोन्ही बाजूंनी घासून साफ करायची, असा आमच्या कामाचा नियम आहे, आणि वहीत तशी नोंद करावी लागते. आधीच्या सात मी नियमाप्रमाणे घासल्या होत्या. नववीची वरची बाजू घासली, सहा थर विणले, कडेची पट्टी बसवली. परत पाठवताना वहीत लिहिलं: वरची बाजू साफ केली.

कचेरीतल्या साहेबांनी नोंद वाचून सही केली. खुर्चीवर एकदा बसून पाहिलं, ठीक आहे म्हणाले. खाली वाकले नाहीत.